मोल आणि नाते : स्त्रीश्रमाच्या तीन आत्मकथनांतील वेतनाचा प्रश्न

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत नववी आशियाई क्रीडास्पर्धा भरली. त्या स्पर्धेसाठी उड्डाणपूल, क्रीडागारे आणि वसाहती उभारणाऱ्या मजुरांच्या वतीने पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती. अर्जातील तक्रार अशी की, किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे असताना जमादार प्रत्येकामागे एक रुपया कापून घेतात आणि स्त्री-मजुरांच्या हाती केवळ ७ रुपये पडतात. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्येच झालेला होता. न्यायालयाने १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम ही घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध मानलेली वेठच होय, असा निर्वाळा दिला.

सव्वादोन रुपयांचा हा फरक न्यायालयाच्या कागदावर आकड्याच्या रूपाने नोंदला गेला. कायद्याच्या भाषेला तेवढे पुरते. साहित्याच्या अभ्यासकापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो. जिच्या श्रमातून हा फरक वजा होतो, ती स्त्री स्वतःची कथा सांगू लागते तेव्हा वजा झालेल्या रकमेचे काय होते? तिच्या निवेदनात ती आकडा म्हणून येते, की दुसऱ्याच कुठल्या शब्दाचे रूप घेऊन येते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने तीन आत्मकथने एकत्र वाचली आहेत : बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ (१९९९) आणि बेबी हालदार यांचे ‘आलो-आँधारि’ (२००२). पहिले मराठीत लिहिलेले आहे. दुसरे नागपूरच्या मराठीभाषक लेखिकेने दिल्लीत राहून हिंदीत लिहिले. तिसरे गुडगावच्या एका घरात काम करणाऱ्या स्त्रीने बांग्लामध्ये लिहिले आणि ते वाचकांपुढे प्रथम हिंदी अनुवादातून आले. भाषा, पिढी आणि प्रदेश भिन्न असले तरी या तिन्ही ग्रंथांत स्त्रीच्या श्रमाचे मोल नात्याच्या, रिवाजाच्या किंवा मायेच्या भाषेत विरून जाते. हे विरून जाणे वाचणे हे तौलनिक समीक्षेचे काम आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. एका शब्दाचा प्रवास

या चर्चेला मराठीतील एक साधा शब्द वाट दाखवू शकतो. ‘मोलकरीण’ या शब्दात ‘मोल’ उघडपणे बसलेले आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. शब्दाच्या पोटातच व्यवहाराची कबुली आहे. हिंदीतील ‘कामवाली’ या शब्दात काम आहे, पण मोबदला नाही. ‘माई’, ‘आया’, ‘दीदी’ या संबोधनांत तर कामही नाही. गेल्या काही दशकांत सुशिक्षित मराठी घरांतून ‘मोलकरीण’ हा शब्द असभ्य वाटू लागला आणि त्याच्या जागी ‘मावशी’, ‘ताई’, ‘कामाच्या बाई’ आले. या बदलामागील सद्हेतू नाकारण्याचे कारण नाही. तथापि अवहेलनेचा वास लागलेला शब्द टाकताना त्यातील मोलही टाकले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. मावशीला पगारवाढ मागताना संकोच वाटतो. मोलकरणीला ती मागण्याचा हक्क शब्दानेच दिलेला असतो.

ज्यांना हा शब्द लागू होता त्यांनी तो टाकला नाही, ही गोष्ट बोलकी आहे. १९८० मध्ये पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि पुढे ‘मोलकरीण संघटना’ याच नावाने त्या संघटित झाल्या. उलट महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापण्याचा कायदा केला, तेव्हा त्याच्या मराठी नावात ‘घरेलू कामगार’ हा हिंदी वळणाचा शब्द योजला. ‘कामगार’ म्हणून मिळालेली मान्यता मोलाचीच आहे. परंतु मराठीने शतकानुशतके जपलेला रोखठोक शब्द कायद्याच्या दारातही उभा राहू शकला नाही. ‘घरकाम’ या शब्दाची गतही विचार करण्याजोगी आहे. दुसऱ्याच्या घरी पैसे घेऊन केलेले काम आणि स्वतःच्या घरी बिनमोबदला केलेले काम, दोहोंना मराठीत हा एकच शब्द आहे. पहिल्या कामाचे दर कमी राहतात याचे एक कारण दुसऱ्या कामाला दरच नसतो, हे होय. जे काम घरची स्त्री फुकट करते त्याला फार पैसे कशाला मोजायचे, असा हिशेब त्यामागे असतो.

२. ‘जिणं आमुचं’ : रिवाज झालेली वेठ

बेबीताई कांबळे यांचे आत्मकथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ग्रंथरूप झाले. त्यातील महारवाडा हा जवळजवळ पैशाविना चालणारा प्रदेश आहे. येसकराची पाळी आलेल्या घरातील पुरुष घुंगरांची काठी घेऊन गावाची कामे करतो आणि त्याबदली भाकरी मागून आणतो. गावाच्या लेखी हा त्याचा हक्क. वस्तुतः ज्या कामाचा दर विचारण्याची सोयच नाही अशा कामावरचे हे पांघरूण होय. बलुत्याच्या व्यवस्थेविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. बेबीताईंचे वेगळेपण असे की, या हक्काच्या आतील स्त्रीच्या कामाची नोंद त्या करतात. भाकरी पुरुषाच्या नावाने घरात येते. दळण, पाणी, सरपण, बाळंतपणातील उपासमार आणि सासुरवास यांचे खाते मात्र कोणाच्याच नावावर नाही.

या ग्रंथात रोख व्यवहाराचा एक प्रसंग आहे. महार स्त्रिया सरपणाच्या मोळ्या घेऊन ब्राह्मण आळीत विकायला जातात. लाकडाला केस किंवा लुगड्याचा धागा चिकटून राहिलेला नाही ना, हे त्यांनी नीट पाहून द्यावे, अशी घेणाऱ्या घराची ताकीद असते. कारण त्यामुळे घर विटाळेल. वेतनाच्या दृष्टीने हा प्रसंग वाचला तर त्यात दोन कामे दिसतात. लाकूड तोडून डोक्यावरून वाहून आणणे हे एक. त्याची किंमत, कितीही अल्प असली तरी, ठरलेली आहे. घेणाऱ्याचे सोवळे राखणे हे दुसरे. ते विकणारीने फुकट करायचे आहे. जातीने लादलेल्या अशा कामाचा दर कोणत्याही वेतनकोष्टकात सापडत नाही. किंबहुना ते काम आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे निवेदनाच्या घडणीकडे वळणे आवश्यक आहे. बेबीताई बहुतांशी ‘आम्ही’ म्हणून बोलतात; शीर्षकातही ‘आमुचं’ आहे. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे वाचन समूहाची साक्ष म्हणून केले, ते या ग्रंथाला विशेष लागू पडते. मात्र या सामूहिक सर्वनामाचीही किंमत मोजावी लागली. फलटणला पतीसह लहानसे दुकान चालवीत, रद्दीचे कागद वाचीत आणि घरच्यांच्या नकळत लिहीत या ग्रंथाची निर्मिती झाली. त्याचा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताईंनी पतीच्या मारहाणीविषयी सांगितले. मूळ ग्रंथात त्या स्वतःच्या दुःखाला फारशी जागा नाही. समाजाचे दुःख मांडताना स्वतःचे दुःख बाजूला ठेवणे, हाही लेखिकेने उचललेला बिनमोबदला भार आहे. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांचे बोलणे वेगळे का आहे याची मीमांसा केली होती. ते वेगळे बोलणे किती कष्टाने कमवावे लागते, याचा पुरावा या मौनात आहे.

३. ‘दोहरा अभिशाप’ : पगारदार आई, बिनपगारी मुलगी

कौसल्या बैसंत्री यांचे कथन नागपुरात सुरू होते आणि दिल्लीत येऊन थांबते. लेखिकेचे आईवडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही गिरणी विदर्भातील अनेक अस्पृश्य कुटुंबांना गावगाड्याबाहेर काढणारी ठरली. गिरणीत जातिभेद नव्हता किंवा स्त्रीला पुरुषाइतका पगार होता, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ‘जिणं आमुचं’मधील महारवाड्याशी तुलना करता एक मूलभूत फरक पडला होता. कामाला तास होते, पगाराला तारीख होती आणि तो पगार बाईच्या स्वतःच्या हातात येत होता. त्याच पैशातून मुलींची शाळा चालली. स्त्री-शिक्षणाची वाट करून देणाऱ्या जाईबाई चौधरी यांचे आयुष्यही याच प्रदेशातले. त्यांनी हमाली करून दिवस काढले होते आणि १९२२ मध्ये मुलींची शाळा काढली.

या पार्श्वभूमीवर २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेली दलित वर्ग महिला परिषद वाचली पाहिजे. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. बहुपत्नीत्वाविरुद्ध आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी ठराव करणाऱ्या या परिषदेने गिरण्या, विड्यांचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांतील स्त्री-कामगारांसाठीही मागण्या केल्या : वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन. विवाह आणि वेतन हे दोन्ही विषय एकाच दिवशी, एकाच मंडपात ठरावांचे विषय झाले, ही या परिषदेची वैचारिक झेप आहे. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नागपूरच्या मंडपातील मागणीला दिल्लीचा पत्ता मिळाला होता.

मुलगीही पुढे विवाहानंतर दिल्लीत आली. ‘दोहरा अभिशाप’चा खरा पेच येथे आहे. पती सुशिक्षित, स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतलेले, केंद्र सरकारच्या नोकरीतले. कुटुंब सर्व बाह्य अर्थांनी वर चढले. मात्र गिरणीकामगार आईच्या हातात जो पैसा होता तो अधिकाऱ्याच्या शिकलेल्या पत्नीच्या हातात राहिला नाही. घर तिने चालवायचे आणि खर्चासाठी हात पसरायचा. शेवटी निर्वाहाच्या रकमेसाठी तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली. आईच्या पिढीत श्रमाला ‘पगार’ हा शब्द होता. मुलीच्या पिढीत त्याचा ‘संसार’ झाला आणि न्यायालयात त्याला ‘पोटगी’ म्हटले गेले. काम तेच राहिले, पण हक्काचे क्रमाक्रमाने उपकारात रूपांतर होत गेले.

दलित चळवळीने जातीचा अडसर दूर केला की उन्नती आपोआप होईल, या सरळ रेषेला हे आत्मकथन छेद देते. शीर्षकातील दुहेरीपणाचा अर्थ सामान्यतः जात आणि लिंग असा लावला जातो. तो बरोबर आहे, परंतु अपुरा आहे. हे दोन शाप एकमेकांत मिळवलेले नाहीत. त्यांचा परस्परव्यवहार चालतो. जातीच्या पायऱ्या चढण्याची प्रतिष्ठा कुटुंबाला मिळते आणि तिची किंमत स्त्रीच्या हातातील पैशाने चुकती केली जाते. मातृभाषा मराठी असताना लेखिकेने हिंदीत लिहिणे पत्करले, हेही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. मराठीत दलित स्त्री-आत्मकथनाला तोवर परंपरा होती. हिंदीत ती जवळजवळ नव्हती. घरात ज्या शहराने तिच्या श्रमाचा हिशेब ठेवला नाही त्या शहराच्या भाषेत तिने स्वतःच तो मांडला.

४. ‘आलो-आँधारि’ : नाते आणि दर

तिसरे आत्मकथन राजधानीच्या सीमेवर, गुडगावात (२०१६ पासून गुरुग्राम) घडते. बालवयात लग्न, कोवळ्या वयात मातृत्व, नवऱ्याची मारहाण आणि मग तीन मुलांसह बंगालमधून आगगाडीने राजधानीकडे येणे, हा बेबी हालदार यांचा प्रवास. अनेक घरांची कामे केल्यानंतर त्या मानववंशशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक प्रबोध कुमार यांच्या घरी आल्या. कपाटातील बांग्ला पुस्तकांवरची धूळ झाडताना त्यांचा हात रेंगाळतो हे प्राध्यापकांनी पाहिले, तसलीमा नसरीन यांचे ‘आमार मेयेबेला’ वाचायला दिले, मग वही आणि पेन दिले. लेखनाचा हिंदी अनुवाद त्यांनीच केला. उर्वशी बुटालिया यांचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये आला आणि हा ग्रंथ सर्वदूर पोहोचला.

प्रबोध कुमार हे प्रेमचंदांचे नातू. हा तपशील, धूळ झाडण्याचा प्रसंग आणि वही-पेनाची भेट या तीन गोष्टींनी या ग्रंथाच्या स्वीकाराची चौकट ठरवून टाकली. मालकाला सापडलेले रत्न, अशा रीतीने तो वाचला गेला. परिणामी ग्रंथाचे निम्मे वास्तव झाकोळले. आधीच्या घरांतील अविरत काम, कामावर असताना मुलांना कुठे ठेवायचे हा रोजचा प्रश्न, राहती वस्ती पाडली जाण्याचा प्रसंग, एकट्या बाईला भाड्याने खोली घेताना सोसाव्या लागणाऱ्या नजरा, हे सारे श्रमाच्या बाजाराचे वर्णन आहे. काम सुटले की घर सुटते आणि घर सुटले की काम सुटते. वाटाघाटीची ताकद मुळातच नसलेल्या स्त्रीचे वेतन असेच ठरते. तिची मातृभाषा बांग्ला आणि बाजाराची भाषा हिंदी असल्याने घासाघीस करण्याचे शब्दही परके असतात.

बेबी आपल्या मालकाला ‘तातुश’ म्हणतात. हे संबोधन पित्याच्या जवळचे आहे. पहिल्या भागात नात्याच्या भाषेवर घेतलेला आक्षेप येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. या ग्रंथातील नाते खोटे नाही. त्या नात्याने मुलांना शाळा दिली, डोक्यावर छप्पर दिले आणि एका लेखिकेला तिचा आवाज दिला. फरक कुठे पडतो ते पाहण्यासाठी निकष असा लावता येईल : नाते हिशेबाच्या जागी येते, की हिशेबाच्या जोडीला येते? ‘तू तर आमच्या घरातलीच’ असे म्हणून सुट्टी नाकारणारे नाते पहिल्या प्रकारचे. तातुशांनी दिलेली वही दुसऱ्या प्रकारची, कारण तिच्यात बेबीने मालकाची स्तुती न लिहिता स्वतःच्या आयुष्याचा हिशेब लिहिला. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतोच. एका घराच्या चांगुलपणावर अवलंबून असलेली सुटका शेजारच्या घरातील बेबीला कशी मिळावी?

निवेदनात या पेचाची खूण उमटलेली आहे. काही ठिकाणी ‘मी’ म्हणणारी बेबी एकाएकी स्वतःविषयी ‘बेबी’ असे तृतीयपुरुषी बोलू लागते. नवशिक्या लेखणीचा तो दोष मानला गेल्यास नवल नाही. परंतु जिला आयुष्यभर इतरांनी हाक मारून कामाला लावले, तिने त्या हाकेच्या नावाकडे बाहेरून पाहणे यात अनुभवाचे सत्य आहे. बेबीताईंचे ‘आम्ही’, कौसल्याबाईंचे एकाकी ‘मी’ आणि बेबी हालदारांचे दुभंगलेले ‘मी/बेबी’ ही तीन सर्वनामे म्हणजे मोल न मिळालेल्या श्रमाची तीन व्याकरणे होत. वेतनाचा निकष लावल्याने साहित्याचे समाजशास्त्र होते, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे रूपाचे साक्ष्य विचारात घ्यावे.

५. वंश आणि जात : तुलनेची मर्यादा

या तिन्ही ग्रंथांशेजारी अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस चिल्ड्रेस यांचे ‘लाइक वन ऑफ द फॅमिली’ (१९५६) ठेवणे उद्बोधक ठरते. न्यूयॉर्कमधील घरांत काम करणारी मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय स्त्री आपल्या मैत्रिणीला रोजचे अनुभव सांगते, असे या लेखनाचे स्वरूप. ही संभाषणे प्रथम पॉल रोबसन यांच्याशी निगडित ‘फ्रीडम’ या पत्रातून आली होती. मालकीण पाहुण्यांपुढे ‘ही आमच्या घरातल्यासारखीच’ असे कौतुक करते, तेव्हा मिल्ड्रेड शांतपणे फरक मोजून दाखवते : घरातले जेवणाच्या दालनात जेवतात, ती स्वयंपाकघरात जेवते. मिल्ड्रेडचा विनोद म्हणजे नात्याच्या भाषेचे हिशेबाच्या भाषेत केलेले भाषांतर आहे. तिला तो परवडतो, कारण ऐकणारी मैत्रीणही तेच काम करते. आपल्या तिन्ही लेखिकांना असा श्रोता लिहिताना उपलब्ध नव्हता; त्यांना तो लिहून निर्माण करावा लागला.

वर्णभेद आणि जातिभेद यांची सांगड मराठीला नवी नाही. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. तथापि साम्य दाखवून थांबणे पुरेसे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत गौरवर्णीय कुटुंबाचा स्वयंपाक कृष्णवर्णीय स्त्रीने करणे ही रीतच होती. वर्णभेदाने तिला चुलीपाशी नेले. आपल्याकडे विटाळाच्या कल्पनेने दलित स्त्रीला चुलीपासून दूर ठेवले. दिल्लीतील घरांतून आजही ‘खाना बनाना’ आणि ‘झाडू-पोछा’ ही अनेकदा वेगळ्या स्त्रियांची, वेगळ्या दरांची कामे असतात. न्हाणीघर आणि संडास यांची सफाई तर आणखी खालच्या पायरीवर. ही दरांची उतरंड कौशल्यावर जितकी बेतलेली आहे तितकीच विटाळाच्या उतरंडीवरही आहे. म्हणून काही स्त्रिया जात सांगत नाहीत, तर काही दुसरे नाव सांगतात. तेथे रंग लपवता येत नव्हता. येथे नाव लपवता येते, पण लपवण्याचे कष्ट करावे लागतात. लाकडाला चिकटलेला धागा शोधणाऱ्या स्त्रीचे काम महानगरातही संपलेले नाही. त्याचे केवळ रूप बदलले आहे.

६. समारोप

समान वेतनाचा १९७६ चा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसंबंधी केलेला करार भारताने अद्याप अनुसमर्थित केलेला नाही. कायद्याची वाट चालू राहील आणि ती आवश्यकच आहे. परंतु समान कामाला समान दाम असे म्हणण्यापूर्वी काम कशाला म्हणायचे हे ठरावे लागते, आणि तो निर्णय भाषेत होतो. सरपणातला धागा शोधणे, अधिकाऱ्याचे घर सांभाळणे, मालकाच्या मुलांना माया लावणे यांना ‘काम’ म्हणायचे की रिवाज, संसार आणि आपुलकी, या निवडीत वेतनातील अर्धी विषमता आधीच पक्की झालेली असते. बाकीची अर्धी जमादार कापतो.

समीक्षकाची आणि अनुवादकाची जबाबदारी येथे उद्भवते. अशा आत्मकथनांचे मराठीत भाषांतर करताना प्रत्येक संबोधनापाशी थांबून, मूळ भाषेत त्या ठिकाणी नाते होते की दर होता, हे तपासावे लागेल. ‘मावशी’ लिहिणे सोपे आहे आणि सौजन्याचेही. ‘मोलकरीण’ हा शब्द पुन्हा प्रतिष्ठेने वापरता यावा, यासाठी मात्र आधी तिला तिचे मोल चुकते व्हावे लागेल.